मोळी सोडली

गेल्या आठवड्यात तिसरीतल्या एका पोरानं ४२ वजा १७ बरोबर ३५ असं लिहिलं. नेहमीसारखं. याआधी त्याच्या वहीत अशा उत्तरांवर मी किती फुल्या मारल्या असतील, मोजदाद नाही. फळ्यावर हातचा समजावून सांगितला की सगळ्या वर्गाबरोबर तोही "हो बाई" म्हणायचा, आणि मी पुढं जायचे.

या वेळी तो माझ्यासमोर सतरंजीवर बसला होता, त्याच्यासोबत आणखी पाच जण. मी विचारलं, "कसं केलंस, सांग की." तर म्हणाला, "सातातनं दोन गेले पाच, चारातनं एक गेला तीन." मोठ्यातून लहान घालवायचं, हा नियम तो इमानेइतबारे पाळत होता. खालचा आकडा कुठला, वरचा कुठला, हा प्रश्नच त्याला पडलेला नव्हता.

मी त्याच्यापुढं काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. म्हटलं, मला सतरा दे. त्यानं एक गठ्ठा दिला. मग दोन्ही सुट्या दिल्या. मग उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडं बघत बसला. मला सांगायची फार घाई झाली होती, तरी तोंड मिटून बसले. बऱ्याच वेळानं त्यानं एका गठ्ठ्याचं रबर ओढून काढलं, काड्या सतरंजीवर सांडल्या, आणि मोठ्यानं म्हणाला, "बाई, मोळी सोडली!" पाच काड्या मोजून माझ्या हातात दिल्या. उरले दोन गठ्ठे आणि पाच काड्या. पंचवीस.

ऊसतोडीच्या दिवसांत शाळेच्या रस्त्यानं रोज ट्रॉल्या जातात, मोळ्या या पोरांच्या रोजच्या बघण्यातल्या. तेव्हापासून आमच्या वर्गात हातचा घेत नाहीत, मोळी सोडतात.

या सगळ्याला चारेक मिनिटं लागली असतील. ती चार मिनिटं मला मिळाली कशी, त्यासाठी ही पोस्ट लिहितेय.

माझ्याकडं तिसरी-चौथी एकत्र आहे, पट २४. सहा-सहाचे चार गट, चार कोपरे. एकात गोष्टींची पुस्तकं, जोडीनं वाचायचं. एकात शब्दपट्ट्या, त्यातून वाक्यं करून पाटीवर लिहायची. एकात चिंचोके, मणीमाळ, खोट्या नोटा, दुकान-दुकान. चौथा कोपरा माझा. पंधरा मिनिटांनी थाळी वाजते, सामान जागेवर जातं, गट पुढच्या कोपऱ्यात सरकतो. तासाभरात चोवीसही मुलं माझ्यासमोर येऊन जातात, आणि सहाच्या गटात कुणाला ओठ हलवून वेळ मारून नेता येत नाही.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं गेलं की शिक्षकानं सगळ्या गटांतून फिरत राहावं, मार्गदर्शन करावं. दोन वर्षं मी तसंच केलं. या कोपऱ्यात वाकून बघ, त्या कोपऱ्यात भांडण सोडव, तिसऱ्याला शाबास म्हण. दिवसाअखेर पाय दुखायचे, पण कुठल्या मुलाचं कुठं अडलंय हे माझ्याकडं नसायचं. माझं आता ठाम मत आहे: कोपरे मांडायचेच असतील तर बाईनं एका कोपऱ्यात मांडी घालून बसलं पाहिजे. बाकीचे तीन कोपरे असतात ते बाईला बसता यावं म्हणून. तिथं नवीन काही शिकवायचं नाही. येत असलेल्याचाच सराव, न विचारता करता येईल असा. तरीही अडलं तर आधी गटातल्या तिघांना विचारायचं, मगच बाईंकडं यायचं. ही एवढी सवय लागायला आमच्याकडं महिना गेला. पहिल्या आठवड्यात तर मी दोनच कोपरे ठेवले होते आणि शिकवलं काय, तर थाळी वाजली की हातातलं खाली ठेवायचं, एवढंच.

कोल्हापूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. लहानपणी वडिलांबरोबर गंगावेशीतल्या तालमीत जायचे, दारातूनच बघायचे. कुणी जोर मारतोय, कुणी बैठका, कुणी माती उकरतोय, आणि वस्ताद कुस्तीच्या हौद्याशी एकाच जोडीवर डोळा ठेवून. बाकीच्यांना काय करायचं ते ठाऊक असायचं. साठ पोरांना ओळीत उभं करून एकदम ढाक हा डाव शिकवणारा वस्ताद मी तरी बघितला नाही.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली आणि तिचं अजून वाईट वाटतं. गटांना मी आपल्या जिल्ह्यातल्या गडांची नावं दिली होती: पन्हाळा, विशाळगड, पारगड, रांगणा. वाचन चाचणी घेतली, पातळीप्रमाणं गट केले आणि तेच पुढं चालू ठेवले. दिवाळीनंतर चौथीतल्या एका मुलीनं नव्या मुलाला समजावलं, "रांगणा म्हंजे ज्यास्नी येत नाही ते." मी ऐकत उभी होते. त्या गटातली सहाही मुलं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सगळे गट मोडले. आता गट पंधरा दिवसांपलीकडं टिकत नाहीत. वजाबाकीत अडलेल्यांचा एक, जोडाक्षरांत अडलेल्यांचा एक, आणि एरवी सरमिसळ. जोडाक्षरांत अडणारी पोरगी पैशांच्या हिशोबात सगळ्यांच्या पुढं असते, हेही तेव्हाच कळलं.

वर्गात आवाज होतो, हे खरं आहे. एका पालकांनी खिडकीतून बघून विचारलंही, "बाई, नुसतं खेळवताय व्हय?" त्यांना मी आत बोलावून माझ्या कोपऱ्यात बसवलं. त्यांच्या मुलानं त्यांच्यासमोर आख्खं पान वाचलं. नंतर ते पुठ्ठ्याचे खोके घेऊन आले, शब्दपट्ट्या ठेवायला.

ही काही बाहेरून आलेली थेरं नाहीत. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शाळेनं आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी अशीच घडी बसवली: काही मुलं शिक्षकाजवळ, काही सवंगड्यांच्या मदतीनं, काही आपापली. त्या धर्तीवर चेन्नईच्या महापालिका शाळा २००३ पासून बदलत गेल्या. आणि आपल्याच गावात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. हातानं करून, बोलून, विचारून शिकणारी मुलं बघायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेत साठ पटापर्यंत दोन शिक्षक. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत दोघांनी चार इयत्ता सांभाळायच्या. तिथं एका इयत्तेला शिकवताना दुसरी काय करते? बहुतेक वेळा पाठ उतरून काढते. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक मूल वाचतं-लिहितं व्हावं असं म्हटलंय. त्यातला 'प्रत्येक' हा शब्द मी फार गांभीर्यानं घेते. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत आणायचं काम त्यांनी तेव्हा केलं. आलेल्या प्रत्येकाचं वाचन रोज कुणीतरी कान देऊन ऐकणं आमच्याकडं आहे, आणि ते चोवीस जणांपुढं फळ्याशी उभं राहून होत नाही.

साहित्याचं अवडंबर मात्र नको. चकचकीत तक्ते भिंतीवर लावून फोटो काढायचे आणि मुलांनी हात लावू नये म्हणून वर टांगायचे, हे बघितलं की जीव तुटतो. माझ्या गणिताच्या कोपऱ्याचा सगळा खर्च रबरांच्या एका पाकिटाचा. काड्या पोरांनीच आणल्या.

गोष्टींची पुस्तकं मात्र कमी पडतात. चोवीस मुलांत ती फिरून फिरून पाठ झालीत, आणि पाठ झालेलं पान वाचलं म्हणता येत नाही. कुणाच्या घरी मोठ्या अक्षरांची, थोडक्या ओळींची मराठी पुस्तकं पडून असतील, फाटकी असली तरी चालतील, तर मला मेसेज करा. कोल्हापुरात कुठंही येऊन घेऊन जाईन. आणि आसपासच्या शाळांतल्या बाई-गुरुजींनी कधीही सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात या. माझ्या सतरंजीवर सातव्याला जागा होते.