‘क्वांटममधल्या चुका दुरुस्त होऊच शकत नाहीत’ हे खरं नाही

गेले काही आठवडे एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला, आणि त्यातला एक ग्रुप बीएस्सीच्या मुलांचा होता म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: क्यूबिटची (क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सर्वांत छोटा तुकडा, जो शून्य आणि एक यांच्या मिश्रणातही असू शकतो) कॉपी काढता येत नाही, मोजलं की त्याची अवस्था मोडते, चूक कितीही बारीक असू शकते, त्यामुळे क्वांटम कॉम्प्युटरमध्ये एरर करेक्शन मुळातच अशक्य. शिवाय एका चांगल्या क्यूबिटमागे हजार क्यूबिट लागतात, आणि आयनवाली (विद्युतभारित अणू क्यूबिट म्हणून वापरणारी) मशीन तर गोगलगाय आहेत, तेव्हा पोरांनी या नादाला लागू नये. यातली बरीचशी वाक्यं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत, म्हणूनच मेसेज पटतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

कॉपीचं आधी बघू. कॉपी काढता येत नाही हे १९८२ सालीच वूटर्स आणि झुरेक यांनी दाखवलंय, त्यात वाद नाही. पण एरर करेक्शनला कॉपी लागतच नाही. १९९५ मध्ये पीटर शोरने नऊ क्यूबिटचा कोड, म्हणजे एका क्यूबिटची माहिती अनेकांत पसरवून ठेवायची रीत, दिला, पुढच्या वर्षी अँड्र्यू स्टीनने सात क्यूबिटचा. स्टीनच्या कोडमध्ये एकाच क्यूबिटची माहिती सात आयनांच्या आपसातल्या नात्यात पसरवलेली असते, सातपैकी कुठल्याही एकाला पकडून विचारलं तर त्याच्याकडून काहीच कळत नाही. एकाच कागदाच्या सात झेरॉक्स आणि सात जणांना मिळूनच माहीत असलेली गोष्ट, यात हा फरक आहे.

आता ‘मोजलं की मोडतं’. इथे जरा थांबतो कारण सगळी गंमत इथेच आहे. ट्रॅप्ड आयन म्हणजे एक इलेक्ट्रॉन काढून घेतलेला अणू, व्हॅक्यूममध्ये विद्युत क्षेत्राने अधांतरी धरून ठेवलेला. त्याच्यावर ठरावीक लेझर टाकला की एका अवस्थेत तो चमकतो, दुसऱ्या अवस्थेत काळोखा राहतो, झालं मोजून. माहिती ज्या आयनांत आहे त्यांनाच असं मोजलं तर ती जाणारच, पण तसं कोणी करतच नाही. एक मदतनीस आयन घेतात, त्याला डेटावाल्या आयनांशी गेटने (क्यूबिटवर करायच्या मूलभूत क्रियेने) जोडतात आणि मोजतात फक्त मदतनिसाला, तेही अशा रीतीने की उत्तर ‘तू शून्य की एक’ याचं न येता ‘तुम्ही एकमेकांशी जुळता की नाही’ एवढ्याचंच यावं. जुळत नसेल तर कुठे बिघडलंय ते कळतं, आत काय साठवलंय ते मात्र कळत नाही, म्हणून ते शाबूत राहतं. आणि चमकणाऱ्या आयनाचा प्रकाश शेजारच्यावर पडून तो बिघडू नये म्हणून काही मशीनमध्ये मोजायचा आयन आधी बाजूला सरकवून नेतात, म्हणजे अणू खरोखर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात! मला आजही हे वाचताना भारी वाटतं.

बारीक चुकीचा मुद्दाही यातच सुटतो. लेझरचा पल्स थोडा जास्त लांबला आणि आयन एक टक्काच जास्त फिरला, तर एक टक्का कसा दुरुस्त करायचा? उत्तर असं की वरची तपासणी केली की निसर्गालाच ठरवावं लागतं: एक तर चूक झालीच नाही, किंवा पूर्ण उलटापालट झाली. मधली अवस्था उरत नाही, आणि पूर्ण उलटलेलं परत उलटवता येतं.

दुरुस्ती करता करताच नव्या चुका होतात असंही त्यात म्हटलंय. होतात, म्हणून तर गेट एका मर्यादेपेक्षा चांगले असावे लागतात, आणि ती मर्यादा गाठलीय का हाच खरा प्रश्न होता. २००४ मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संशोधन संस्थेत बेरिलियमच्या तीन आयनांवर दुरुस्ती करून दाखवली, २०११ मध्ये इन्सब्रुकला कॅल्शियमवर ती पुन्हा पुन्हा केली, २०२१ मध्ये हनीवेलच्या मशीनवर स्टीनचा कोड चालू गणितातच दुरुस्त होत गेला. मग एप्रिल २०२४ मध्ये क्वांटिन्युअम ही कंपनी आणि मायक्रोसॉफ्टने ३० आयनांतून ४ लॉजिकल क्यूबिट (अनेक आयनांत मिळून साठवलेले, चुकांपासून जपलेले क्यूबिट) काढले आणि साध्या क्यूबिटपेक्षा ८०० पट कमी एरर सांगितली. हा ८०० चा आकडा उलट्या बाजूचे लोकही फार नाचवतात, तर तेही नीट सांगतो: संशयास्पद रन किती बाजूला टाकायचे त्यावर हा आकडा ४.७ पासून ८०० पर्यंत जातो. पण ४.७ पट कमी म्हणजेसुद्धा कमीच ना, अशक्य तर नक्कीच नाही.

हजाराला एक हा हिशेब कुठून आला? तो सरफेस कोड नावाच्या कोडचा आहे, चिपवर क्यूबिट जागचे हलत नाहीत आणि फक्त शेजाऱ्याशी बोलतात तेव्हाचा. आयन हलवता येतात, कुठलाही कुठल्याही दुसऱ्याशी जोडता येतो, म्हणून दाट कोड (कमी आयनांत जास्त लॉजिकल क्यूबिट बसवणारे) वापरता येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या क्वांटिन्युअमच्या हेलिऑस मशीनमध्ये बेरियमचे ९८ आयन आहेत आणि त्यातून ४८ लॉजिकल क्यूबिट काढले, दोनास एक. अर्थात हे कोड छोटे आहेत, लांबलचक गणिताला जास्त आयन खर्चावे लागणारच.

वेगाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, तो पूर्ण मान्य आहे. सुपरकंडक्टिंग (अतिथंड चिपवरच्या) क्यूबिटचा गेट काही दहा नॅनोसेकंदात होतो, आयनाच्या गेटला दहा ते शेकडो मायक्रोसेकंद लागतात, वर हलवणं आणि थंड करणं वेगळंच. गूगलमधल्या क्रेग गिडनीने मे २०२५ मध्ये आरएसए-२०४८ (इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारं कुलूप) फोडायला दहा लाखांपेक्षा कमी क्यूबिट आणि आठवड्याच्या आतला वेळ लागेल असा हिशेब मांडला, पण त्यात तपासणीची एक फेरी एका मायक्रोसेकंदात धरलीय. ती फेरी एक मिलिसेकंदाची झाली तर एका आठवड्याचे सरळ हजार आठवडे, म्हणजे जवळपास १९ वर्षं. आयनवाल्यांची खरी लढाई ही आहे, आणि ती इंजिनिअरिंगची आहे, निसर्गनियमाने दार बंद केलेलं नाही.

आणि पोरांनी नादाला लागू नये हे तर मला अजिबात पटत नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या आपल्या क्वांटम मिशनला ६,००३ कोटींच्या वर रक्कम आहे, आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटचं लक्ष्य आहे, इथे पुण्याच्या आयसरमध्ये आयन ट्रॅपवर काम चालतं. शिवाय तपासणीच्या उत्तरांवरून चूक कुठे झाली ते शोधणारा डीकोडर साध्या कॉम्प्युटरवरच चालतो, त्याला लेझर लॅब लागत नाही, प्रोग्रामिंग लागतं. गिडनीचंच स्टिम नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं. पहिल्यांदा तीन क्यूबिटचा रिपिटिशन कोड (एकच बिट तीनदा ठेवून बहुमताने ठरवणारा) घ्या, तपासणी बिनचूक धरा, एरर एक टक्का ठेवा, कोडची एरर दहा हजारात तीनच्या आसपास यायला हवी. मग तपासणीतही एरर टाका आणि आकडा कुठे जातो ते बघा. कुठे अडलात तर मला विचारा, कोड बघून सांगतो.