१२ जूनला फडात कोणी नसतं

दरवर्षी १२ जूनला आमच्याकडं बालकामगारविरोधी दिनाची फेरी निघते. शाळा नुकती उघडलेली असते, पहिल्या पावसाचा चिखल असतो, मुलं नव्या गणवेशात घोषणा देत गावातून फिरतात आणि शेवटी पटांगणात सगळे हात पुढं करून शपथ घेतात. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी त्या फेरीत चालले आणि दरवर्षी मनाला एकच गोष्ट लागायची. ज्या ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी ही शपथ, त्यांतलं एकही त्या दिवशी आमच्या भागात नसतं. आमचे साखर कारखाने दिवाळीच्या मागंपुढं सुरू होतात आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. पट्टा पडला की कोपी, म्हणजे राहायच्या झोपड्या, मोडून तोडणीच्या टोळ्या बीडला, धाराशिवला, विजयपूरच्या कोरडवाहू गावांना परत जातात. जूनमध्ये उसाच्या फडात कोणी नसतं. डिसेंबरात असतात, आणि डिसेंबरात कुठलीच फेरी निघत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण आमच्याच रानात घडलं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी तालुक्यात आमचा थोडा ऊस आहे. गेल्या हंगामात तोड आली तेव्हा सकाळी चहा घेऊन बांधावर गेले, तर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी उसाच्या पाल्यानं मोळ्या बांधत होती. हात सराईत. कपाळावर पाल्यानं कापल्याचे बारीक ओरखडे. ट्रॉलीच्या सावलीत लुगड्याच्या झोळीत तिचा लहान भाऊ निजला होता, आणि दर दोन मोळ्यांनंतर ती मान वळवून तिकडं बघत होती. मी विचारलं, "कितवीत हाईस गं?" म्हणाली, "पाचवी. पर हितं नाय जात." तिची आई कोयता न थांबवता म्हणाली, "बाई, म्हातारी होती तवर गावाकडं ठिवत हुतो. औंदा म्हातारी गेली. आता कुणापाशी ठिवायचं? आन ती शाळंत गेली तर बारक्याला कोण बघंल?"

तेहतीस वर्षं पोरं शिकवलेल्या मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. ऊस माझा होता. तोड लवकर मिळावी म्हणून खुशालीचे, म्हणजे टोळीला वरचे द्यायचे पैसे मीच दिले होते.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. टोळी जमवून आणतो तो मुकादम. त्याच्या वहीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. लेकरांना वहीत जागाच नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कुणाचं लग्न असतं, कुणाचा दवाखाना, तेव्हा मुकादम उचल, म्हणजे मजुरीतले आगाऊ पैसे देतो. जोडप्याला लाखाच्या घरात. ती पुढच्या पाच-सहा महिन्यांत टनावर फेडायची. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला ३६६ रुपये झाला. जोडपं पहाटेपासून राबलं तर दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तुटतो. म्हणजे दोन माणसांचे सातशे-साडेसातशे रुपये, तेही उचलीतून वजा होणारे. रात्री दोनला ट्रॅक्टर आला तर उठून भरणी करायची, तिचा वेगळा हिशेब नाही. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या साली, आणि पुढच्या साली परत त्याच मुकादमाकडं.

मजुरी टनावर असली की घरातला प्रत्येक जादा हात टन वाढवतो. ती मुलगी मोळ्या बांधते म्हणून तिच्या आईचा कोयता थांबत नाही. ती भावाला सांभाळते म्हणून तिची आई तोडीला येऊ शकते. तिची मजुरी आई-बापाच्या टनात विरून जाते, म्हणून ती कुणालाच दिसत नाही. कामगार खात्याचा निरीक्षक आला आणि त्यानं विचारलं, "हिला कामाला कुणी ठेवलंय?", तर उत्तर एकच, तिच्या आईनं. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी हिच्या बापाला पैसे दिलेत, पोरीला कोण ओळखतं? आणि मी, शेतकरी, म्हणते की मी तर फक्त ऊस घातला.

कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. घटनेचं २३ वं कलम वेठबिगारीला मनाई करतं, २४ वं कलम चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत आणि धोक्याच्या कामावर ठेवायला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं तर वेठबिगारीचं कर्जच रद्द केलं, ते फेडायची जबाबदारीच उरत नाही. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी असं त्यातच लिहिलंय. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड स्पर्धेच्या बांधकामावरल्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये कडक झाला, चौदा वर्षांखाली सगळीच नोकरी बंद झाली, पण शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या कामात मदत करायची सवलत राहिली. जून २०१७ मध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १३८ आणि १८२ क्रमांकाच्या बालमजुरीविरोधी करारांना मान्यता दिली. हे सगळं कागदावर पक्कं आहे. आमच्या फडात ते पोचलं नाही, कारण हे कायदे राबवणारे मुलाला शोधतात आणि उचलीला हात लावत नाहीत.

कुटुंबाच्या मदतीची ही पळवाट माझ्या घरातली आहे. माझी आई विड्या वळायची. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखू म्हणजे बायकांच्या मांडीवरची सुपं. आई पान कापायची, वळायची, आणि आम्ही दोघी बहिणी विडीची तोंडं मोडायचो, कारण त्याला बारीक बोटं लागतात. विडी कामगाराचं कार्ड आईच्या नावावर. हजारी, म्हणजे हजार विड्या, पुरी झाली नाही किंवा छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त निघाली तर पैसे आईचे जायचे, आणि ते भरून काढायला बोटं आमची. माझी थोरली बहीण सातवीनंतर शाळेत गेली नाही. कुणी तिला कामावर ठेवलं नव्हतं. १९८६ च्या कायद्यानं विडीला मुलांसाठी बंदी असलेल्या कामांत घातलं खरं, पण घरच्या माणसांच्या मदतीनं चालणाऱ्या कामाला त्यातच सूट दिली. विड्या तर घरातच वळल्या जात होत्या. मी शिक्षिका झाले आणि आक्का झाली नाही, याचं कारण एवढंच की मी धाकटी होते.

याच विडीपायी १९९९ मध्ये अमेरिकेच्या कस्टम खात्यानं कर्नाटकातल्याच एका विडी कंपनीचा माल रोखला होता. वेठीला धरलेल्या मुलांकडून विड्या वळून घेतल्याचा संशय होता, आणि सक्तीच्या मजुरीचा माल आत येऊ द्यायचा नाही असा तिकडं १९३० पासून कायदा आहे. ती बातमी वाचली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. सातासमुद्रापलीकडं कुणीतरी विचारतंय, ही विडी कुणाच्या बोटांनी वळली, याचं. अजूनही मला ते महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेचं कामगार खातं २००९ पासून बालमजुरी आणि सक्तीच्या मजुरीतून होणाऱ्या मालाची यादी काढतं. भारताच्या नावापुढं त्यात विडी आहे, वीट आहे, ऊसही आहे. २०२४ च्या यादीत ८२ देशांतले २०४ जिन्नस होते. युरोपीय संघानंही २०२४ मध्ये कायदा केलाय, सक्तीच्या मजुरीचा माल त्यांच्या बाजारात १४ डिसेंबर २०२७ पासून चालणार नाही. आपली साखर जगात जाते. २०२१-२२ मध्ये देशातून ११० लाख टनांच्या आसपास गेली. त्यात आमच्या जिल्ह्याची साखर आहे, आणि त्या साखरेत त्या मुलीनं बांधलेल्या मोळ्याही.

पण बाहेरच्या दट्ट्यावर भिस्त ठेवायची माझी तयारी नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या त्याच कामगार खात्यानं परदेशातल्या बालमजुरीविरोधी कामाची सगळी अनुदानं बंद केली. यादी राहिली, पैसा गेला. आणि दट्ट्या आला तरी तो पोचतो कुठं? १९९२-९३ मध्ये बालमजुरीच्या मालावर बंदी घालायचं विधेयक अमेरिकेत आलं, तेव्हा बांगलादेशातल्या कपडे कारखान्यांनी भीतीनं हजारो मुलांना एका झटक्यात बाहेर काढलं. शाळेची सोय नव्हती, घरी खायला नव्हतं, त्यातली कितीतरी खडी फोडायला लागली. मग १९९५ मध्ये कारखानदार, युनिसेफ आणि श्रम संघटनेनं करार केला, आधी शाळा आणि विद्यावेतन, मग कामावरून काढणं. ही उलटी-सुलटी गोष्ट आमच्या कारखान्यांच्या संचालकांनी वाचावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण २०२७ जवळ आलं की ‘येथे बालकामगार नाहीत’ अशी पाटी गेटवर लागेल, मुकादमाला दम दिला जाईल आणि साहेब येणार त्या दिवशी पोरं कोपीत कोंडून ठेवली जातील. झोळीतलं बारकं मात्र तिथंच असेल.

सीमाभागात याला आणखी एक गाठ बसली आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, आणि त्यासाठी तिथल्या कारखान्यांकडून टनामागं पैसे घ्यायचं ठरलं आहे. कोयता बीडचाच, पण ऊस कर्नाटकातल्या चिकोडीचा असेल तर तो टन त्या निधीत येत नाही. महाराष्ट्रातली शाळा स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी पत्रक देते, जाशील तिथल्या शाळेत दाखव म्हणून. ते पत्रक घेऊन एक बाप आमच्या भागातल्या शाळेत आला तेव्हा मी तिथं होते. मुख्याध्यापक चांगला माणूस. पण कर्नाटकात मुलाची नोंद एका संगणकात, महाराष्ट्रात दुसऱ्या, आणि एकातला क्रमांक दुसऱ्याला कळत नाही. "बसू दे वर्गात, पण पटावर कसा घेऊ?" पटावर नाही म्हणजे पुस्तक नाही, गणवेश नाही, आणि मुलगा चार दिवस आला नाही तर विचारायला कुणी नाही. आईनं तक्रार करायची म्हटली तर अर्ज कन्नडमध्ये.

सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून इथं १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. निवृत्त झाल्यापासून त्या फेरीत मी चालते. माझी भाषा माझ्या नातवंडांना शाळेत मिळावी म्हणून चालते आणि पुढंही चालेन. पण आपल्या मराठी शाळांचे पट घसरताहेत, वर्ग जोडले जाताहेत, शिक्षक मिळत नाहीत, असं आपण रडत असताना त्याच शाळांपासून अर्ध्या कोसावर शे-दीडशे मराठी बोलणारी लेकरं पाच महिने कोपीत बसून असतात. त्यांना आपण आपली कधी म्हणालो? नोव्हेंबर २०२५ मध्ये ऊसदरासाठी आपल्या जिल्ह्यात केवढं आंदोलन झालं. सरकारला टनाला ३,३०० चा दर ठरवावा लागला. मी त्या मागणीच्या बाजूनं होते, आजही आहे. त्या दिवसांत तोडणीवाल्याच्या लेकरांचा एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही, माझ्याही नाही.

म्हणून मला सरकारकडून नवा कायदा नको आहे. तोडणी-वाहतुकीच्या करारात कोयत्याबरोबर लेकरांची नावं आणि वयं लिहा, आणि त्यावर कारखान्याची सही असू द्या. उचल वहीत नको, बँकेत जाऊ दे, म्हणजे किती दिली आणि किती फिटली हे बाईलाही कळेल. दोन राज्यांनी हमी पत्रकाचा क्रमांक एकमेकांचा मानावा. कोपीच्या तळावर झोळीतल्या बारक्यांसाठी अंगणवाडी हवी, कारण ती असल्याशिवाय थोरली मुलगी शाळेत जाणारच नाही. आणि चिकोडी उपविभागाच्या दक्षता समितीनं बैठक जानेवारीत, फडावर घ्यावी.

त्या मुलीचं पुढं काय झालं असं बहिणीनं विचारलं, म्हणून सांगते. बारका आमच्या ओसरीवर राहिला, मी सांभाळला. ती नऊ आठवडे आमच्या मराठी शाळेत पाचवीत बसली, पटाबाहेर. भागाकार तिला येत नव्हता, तो आला. जाताना मुख्याध्यापकांनी कोऱ्या कागदावर तिची हजेरी लिहून शिक्का मारून दिला. त्या कागदाला तिच्या गावी किंमत आहे का, हे मी तिच्या आईला फोन करून विचारणार आहे.

या दिवाळीनंतर कोपी पडल्या की निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी भागातल्या कुणीही मला मेसेज करा. तळ कुठं आहे, लेकरं किती आणि जवळची मराठी शाळा कुठली, एवढंच लिहा. निवृत्त शिक्षक असाल तर आठवड्यातली कुठली सकाळ देता येईल तेही कळवा.