सिंबाला कास कसे दाखवावे

गेल्या रविवारी कासच्या पठारावरून घरी आल्यावर मी आधी दोनदा साबणाने हात धुतले आणि मगच चहा घेतला. हात का धुवावे लागले ते पुढे येईलच. मात्र आपल्या लाडक्या श्वानाला घेऊन पठारावर जाणाऱ्या सुजाण नागरिकांना मार्गदर्शनाची किती गरज आहे, हे मला त्या दिवशी प्रकर्षाने जाणवले, म्हणून हे चार शब्द.

दिवस रविवारच निवडावा, आणि तोही सप्टेंबरातला. पुण्याहून सातारा आणि साताऱ्याहून पुढे कास हा प्रवास गुरुवारी निवांत होतो, पण निवांतपणात कुत्र्याला काय मजा? खंबाटकीत काय होते ते सांगायला नको, आणि यवतेश्वरचा घाट चढताना काय होते तेही नको. चार-पाच तास मागच्या सीटवर धापा टाकत बसलेल्या प्राण्याचे डोके खिडकीतून बाहेर काढून ठेवले की तो आनंदात आहे असा मागच्या गाड्यांचा समज होतो.

जात शक्यतो हस्की असावी. सैबेरियाच्या बर्फात घसरगाड्या ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेल्या जनावराला सातारा जिल्ह्यातच खरे घरच्यासारखे वाटते.

प्रवेशद्वाराशी आजूबाजूच्या गावांतल्या समितीचा एखादा माणूस उभा असतो. त्याला बोलू देऊ नये. आमच्या पुढे रांगेत असलेल्या कुटुंबाला त्याने अगदी हात जोडून सांगितले, "साहेब, तेवढं कुत्रं गाडीत ठेवा." त्यावर साहेबांनी जे उत्तर दिले ते आपणही पाठ करावे: "काका, तो कुत्रा नाही, आमच्या घरातला मेंबर आहे." मेंबरचे नाव सिंबा. काका निरुत्तर झाले, कारण मागे तीनशे माणसे खोळंबली होती आणि हॉर्न वाजू लागले होते. हे पुरेसे झाले नाही तर "बाहेरच्या देशांत जाऊन बघा, तिथे किती पेट-फ्रेंडली असतं" हे वाक्य टाकावे. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये कुत्र्याचा पट्टा 6 फुटांहून लांब चालत नाही, रस्त्यापासून किंवा वाहनतळापासून 100 फुटांपलीकडे त्याला नेता येत नाही आणि पायवाटांवर तर अजिबात बंदी आहे. पण काका यलोस्टोनला गेलेले नसल्यामुळे त्यांना हे ठाऊक असण्याची भीती नाही. आपण गेला असाल तरी आपल्यालाही ते ठाऊक नसते, हा भाग वेगळा.

पट्टा मात्र जरूर न्यावा. तो हातात गुंडाळून ठेवल्यास फोटोत चांगला दिसतो. क्वचित कुत्र्याला बांधलाच, तर "पट्टा बांधलाय की!" एवढे म्हणून विषय संपवावा. सिडनीजवळच्या जंगलात संशोधकांनी पट्टा बांधलेली कुत्री नुसती फिरवून पाहिली, तर तेवढ्यानेही तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या 35 टक्क्यांनी घटली. चंडोल आणि लावे जमिनीवरच घरटी करतात, पण असे कुठेही राहायचे तर थोडा त्रास सोसावाच लागतो, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे.

आता मुख्य कार्यक्रम, म्हणजे फोटो. पायवाटेवर उभे राहून काढलेल्या फोटोला कोणी विचारत नाही, तेव्हा सिंबाला फुलांत बसवावे. जांभ्याच्या कातळावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती असते आणि पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत रुजणे, फुलणे, बी धरणे हे सगळे त्या तेवढ्या मातीत उरकायचे असते. त्यामुळे इथली बरीचशी फुले नखाएवढीच असतात. गेंदाची पांढरी बोंडे तर दुरून पाहिली तर कोणी साबुदाणा सांडला आहे असे वाटावे. रांगेतल्या त्याच कुटुंबातल्या बाईंनी बरोबर त्याच पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यात सिंबाला बसवले, मोबाइलच्या वर एक बिस्किट धरले आणि "सिंबा बाळा, मम्माकडे बघ" असे अकरा वेळा म्हटले. अकरा हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही, मी मोजत होतो. सिंबाने मम्माकडे काही पाहिले नाही. तो पाठीवर उताणा होऊन मनसोक्त लोळला आणि उठला तेव्हा खाली चटईएवढी जागा सपाट झालेली होती. त्यावर साहेबांनी समाधानाने सांगितले, "एन्जॉय करतोय."

अनोळखी माणसाच्या अंगावर कुत्रा धावून गेल्यास "तो काही करत नाही" हे दुरूनच, मोठ्याने आणि हसत हसत म्हणावे.

लसीकरणाची आठवण काढू नये. 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह गेले आणि त्यांतल्या अनेकांमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर या साथीच्या रोगाचा विषाणू सापडला, पण कासला सिंह कुठे आहेत?

बिबटे आहेत. त्यांचीही कुत्र्यांवर फार माया असते.

यानंतर येतो खताचा विषय, आणि इथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण "नैसर्गिक आहे हो, खतच होतं त्याचं" हे वाक्य मी त्या दिवशी प्रत्यक्ष ऐकले. होय, खतच होते, आणि नेमकी तीच अडचण आहे. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती किडे खातात, हे आपण माहितीफलकावर वाचले असेलच, निदान फलकाला टेकून सेल्फी काढताना. त्या किडे का खातात? हौस म्हणून नव्हे, तर या मातीत नत्र जवळपास नाहीच, म्हणून. सीतेच्या आसवांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेऊन हे निळेजांभळे फूल आपली भूक भागवते. माती नापीक आहे म्हणून इथे ही फुले आहेत. ती सुपीक झाली की दांडगे गवत माजेल आणि नखाएवढ्या फुलांना कोणी उभे राहू देणार नाही. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव निसर्गक्षेत्रांत संशोधकांनी कुत्री मोजली आणि त्यांच्या मलमूत्रातून किती खत पडते याचा हिशेब केला, तेव्हा दर हेक्टरी वर्षाला सुमारे 11 किलो नत्र आणि 5 किलो स्फुरद असा आकडा निघाला. हेच नत्र-स्फुरद आपल्याकडचा शेतकरी पैसे मोजून शेताला देतो. यावर लगेच विचारले जाते की गाईम्हशी चरतात, त्यांचे शेण कसे चालते? अहो, ती गाय तिथलेच गवत खाते आणि तिथेच शेण टाकते. तिथले तिथेच फिरते. तुमचा सिंबा पुण्यात चिकन आणि पाकिटातले खाद्य खातो आणि ते सव्वाशे किलोमीटर वाहून आणून 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पठारावर ठेवतो. हा फरक कळायला वनस्पतिशास्त्र शिकावे लागत नाही. गावातली कुत्रीही येतात, हे मला मान्य आहे, पण त्यांना कोणी तिकीट काढून आणलेले नसते.

जे अधिक सुसंस्कृत आहेत ते काळी पिशवी आणतात. सिंबाच्या साहेबांनीही आणली होती. त्यांनी वाकून सगळे उचलले, पिशवीला नीट गाठ मारली आणि ती पिशवी कारवीच्या झुडपाला अडकवून ते पुढे गेले. काय म्हणावे याला? जे उघड्यावर पडले असते तर पावसात काही आठवड्यांत विरून गेले असते, ते प्लॅस्टिकमध्ये बांधून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवले. पिशवी घेऊन येण्याइतकी अक्कल आहे आणि ती परत नेण्याइतकी नाही, हा कोणत्या शाळेचा अभ्यासक्रम आहे? कोणी बघत असताना उचलायचे आणि वळणापलीकडे गेल्यावर टांगायचे!

असो. मार्गदर्शन पुरे करतो.

शेवटी कुमुदिनी तळ्यावर जावे आणि सिंबाला पोहू द्यावे. राजमार्ग म्हणतात त्या वाटेने तळ्यापर्यंत चालत जायचे म्हणजे माझ्या आईला मोठेच काम होते. ती शहात्तर वर्षांची आहे आणि तिला पाण्यावरची ती पांढरी फुले मरण्यापूर्वी एकदा पाहायची होती. आम्ही काठाशी पोचलो आणि सिंबा पाण्यातून बाहेर येऊन तिच्याजवळ अंग झाडता झाला. आईने पदराने तोंड पुसले आणि काही बोलली नाही. "घाबरू नका आजी, तो खूप फ्रेंडली आहे," असे तिला सांगण्यात आले. ती घाबरली नव्हती, तिच्या चष्म्यावर चिखल उडाला होता. कुत्र्याच्या अंगावर गोचिडांसाठी जे औषध लावता, त्यातल्या फिप्रोनिलसारख्या द्रव्यांनी इंग्लंडातल्या नद्यांचे पाणी दूषित झाल्याचे आढळले आहे. नद्यांचे ते झाले, तर या डबक्याएवढ्या तळ्यातल्या किड्यांचे आणि बेडूकपिल्लांचे काय होत असेल? कास तलावात उतरवणारेही असतात. ते पाणी सातारा शहर पिते. मी पितो.

मला कुत्री आवडत नाहीत असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. माझ्या घरी मोती आहे, नऊ वर्षांचा, गावठी. त्या दिवशी तो शेजाऱ्यांच्या ओसरीवर झोपला होता आणि मी परत आल्यावर त्याने एक डोळा उघडून शेपूट दोनदा हलवली. कास बघायचे राहून गेले याचे दुःख काही त्याच्या तोंडावर दिसले नाही. कुत्र्याच्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही. तेरड्याचा गुलाबी गालिचा त्याच्यासाठी नाही. दुपारी दोन वाजता सिंबा वाहनतळावर जीभ बाहेर टाकून, शेपूट पायांत घालून उभा होता, पोरे त्याचे कान ओढत होती, गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि त्याच्या मम्मा-पप्पांपैकी एकालाही त्याला वाटीभर पाणी द्यावे असे सुचले नव्हते, कारण दोघेही फोटो निवडत होते. तुम्ही त्याला त्याच्यासाठी आणले नव्हते. फोटोत तुमच्या शेजारी काहीतरी गोंडस हवे होते, म्हणून आणले होते. कुत्रे सांभाळायला कोणी नसेल तर कासला येऊ नका. पुढच्या वर्षी या. फुले पुन्हा येतील, जर ठेवलीत तर.

आणि कारवीला टांगलेली ती पिशवी मी काढून आणली. वाटेत कचरापेटी दिसली नाही, म्हणून ती गाडीत पायाशी ठेवून, चारी काचा खाली करून, यवतेश्वरचा घाट उतरून घरापर्यंत आणली आणि आई सगळा वेळ नाकाला पदर लावून बसली होती. गाठ खरेच चांगली मारली होती, साहेब. पुढच्या वेळी ती तुमच्या गाडीत ठेवा.