टॉवर मोजला, आई मोजायची राहिली

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे, माळावर येऊ घातलेला मोबाइल टॉवर. ग्रामसभेत म्हणे टेबलं बडवली गेली. 'रेडिएशनने पोरांना कॅन्सर होईल' इथपासून 'माडांना नारळ धरायचे नाहीत' इथपर्यंत सगळं माझं वाचून झालंय.

मी हे वाचतो जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये. इथल्या रोंटगेनरिंग रस्त्यावर आठ नंबरच्या इमारतीत 8 नोव्हेंबर 1895 रोजी विल्हेल्म रोंटगेनला एक्स-रे सापडले. जर्मन माणूस 'एक्स-रे काढला' म्हणत नाही, 'रोंटगेन केलं' म्हणतो.

ग्रुपवर टॉवर तापलेला असतानाच आई मागच्या दारच्या पायरीवरून पडली. डोक्याला मार, म्हणून दादाने एका खाजगी सेंटरमध्ये सीटी करून घेतला. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तर तिथे सीडी उघडेना. पुन्हा सीटी! घरात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट 'दोनदा बघितलं, बरं झालं' असंच सगळे म्हणाले. टॉवरविरुद्धच्या निवेदनावर पहिली सही आमच्या दादाची आहे, हे जाता जाता सांगतो.

टॉवरच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उपटून पेशीला इजा करण्याइतका जोर नसतो, एक्स-रेमध्ये असतो, आणि सीटी म्हणजे एक्स-रेच. शिवाय टॉवरच्या बाबतीत आपण 2012 मध्येच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर उतरलो. सीटी काढणाऱ्या टेक्निशियनचंही तसंच. आंतरराष्ट्रीय शिफारशीत त्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची (शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं हे माप) मर्यादा. एखाद्या वर्षी जास्तीत जास्त 50 चालतात, पण आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने ते 30 वर आणले. त्याच्या शर्टावरचा, अंगावर पडलेलं रेडिएशन टिपणारा टीएलडी बॅज ठरावीक मुदतीने मोजायला जातो.

आणि टेबलावर आडव्या झालेल्या आईचं काय? तिला मर्यादाच नाही. हा कोणाचा गलथानपणा नव्हे. 1928 पासून हे नियम घडवत आलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर 'तुमचा कोटा संपला' असं कोणी म्हणू नये. मर्यादेच्या जागी दोन प्रश्न ठेवलेत: ही तपासणी खरंच हवी का, आणि हवी असेल तर कमीत कमी किती डोसात भागेल? आईच्या पहिल्या सीटीला पहिल्या प्रश्नाचं चोख उत्तर होतं. दुसऱ्या सीटीला 'सीडी उघडत नाही' एवढंच.

गेल्या हिवाळ्यात मी बर्फावर सायकलसकट आडवा झालो, तेव्हा माझाही डोक्याचा सीटी झाला. रिपोर्टच्या शेवटी यंत्राने दिलेल्या डोसाची एक ओळ होती: 720 मिलिग्रे-सेंटिमीटर. डोक्यासाठी याचे साधारण दीड मिलिसिव्हर्ट होतात. जगात सरासरी माणसाला जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला 2.4 मिळतातच, तेव्हा घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण आकडा माझ्या हातात होता. रुग्णाला मिळालेल्या डोसची माहिती रिपोर्टात हवी, असा युरोपचा 2013 चा निर्देश आहे.

जर्मनीचे गोडवे गायला मात्र मी बसलेलो नाही. इथे पूर्वी एक्स-रेची नोंदवही रुग्णाला देऊ करणं बंधनकारक होतं, 2018 संपता संपता ती सक्ती काढून टाकली. माझी घरमालकीण अजून आपली वही ड्रॉवरमध्ये जपून ठेवते आणि नव्या डॉक्टरांवर चिडते.

दादाला फोनवर म्हटलं, आईचा आकडा विचारून ये. त्याला आधी वाटलं बिलाचा. समजावल्यावर म्हणाला, "असलं यंत्र आपल्याकडे कुठलं रे!" यंत्र तेच असतं. प्रत्येक सीटीनंतर ते स्वतःच डोसाचं एक पान तयार करून ठेवतं. ते पान रुग्णाच्या पाकिटात पडत नाही, इतकंच. ग्रामसभेत टॉवरचं मोजमाप मागणाऱ्यांनी हे पान मागितलं, तर त्यासाठी मोर्चाही काढावा लागणार नाही.

दादा गेला, कुरकुरत का होईना. टेक्निशियनने दोन मिनिटांत स्क्रीनवर ते पान उघडलं, आकडा पाकिटाच्या मागे बॉलपेनने लिहून दिला आणि म्हणाला, "हें कोणूच विचारिना."

दादाने त्या पाकिटाचा फोटो मला पाठवलाय. गावच्या ग्रुपवर अजून टाकलेला नाही.