पद्मिनीला डांबरी टेप चिकटवण्याआधी

सांगली-मिरजेत पद्मिनी, मारुती ८०० अशा जुन्या गाड्या हौसेने उभ्या करणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: डॅम्पिंग शीटवर (गाडीच्या पत्र्याला आतून चिकटवायच्या शीटवर) पैसे घालवू नका. हार्डवेअरच्या दुकानातून गळती थांबवायचा डांबरी थराचा चंदेरी टेप आणा, टेप आणि शीट एकच; आतला सगळा पत्रा इंचभरही न सोडता मढवा, वर फोम चिकटवा. गाडी नव्यासारखी शांत होईल आणि गंजही कायमचा बंद.

पैसे वाचवायची धडपड समजते. इंजिन, पत्राकाम आणि रंग होईपर्यंत खिशात काही उरलेलं नसतं. पण हा उपाय स्वस्त पडत नाही, तो फक्त खर्च दोन पावसाळे पुढे ढकलतो.

आधी ‘इंचभरही न सोडता’. शीटचं मुख्य काम आवाज अडवणं नाही, पत्र्याची थरथर मारणं हे आहे. स्टीलच्या ताटावर चमचा मारला की ते घणघणतं. एक बोट टेकवून पुन्हा मारा, आवाज तिथेच मरतो. त्यासाठी अख्खं ताट कवेत घ्यावं लागत नाही. दरवाज्याचा बाहेरचा पत्रा, छप्पर, डिकीचा तळ अशा मोठ्या सपाट भागांवर मधोमध पाव ते अर्धं क्षेत्र झाकलं की बहुतेक फायदा पदरात पडतो. जिथे कंपनीने पन्हळ दाबलीय किंवा पत्रा वळवलाय, तिथे तो मुळातच ताठ असतो. टिचकी मारत जा. ‘टण्ण’ वाजेल तिथे लावा, ‘टक्’ वाजेल तिथे सोडा.

यावर काही जण म्हणतात की जास्त लावलं तर वजनाने तरी आवाज अडेल. हिशोब करून बघू. ०.८ मिमी जाडीचा पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो. त्याचं वजन दुप्पट केलं तर पलीकडचा आवाज फार तर ६ डेसिबलने उतरतो आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. २ मिमीची शीट चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास, म्हणजे फायदा साडेतीन डेसिबलच्या आत. साडेसहाशे किलोच्या मारुती ८०० वर एवढ्यासाठी पंचवीस-तीस किलो कायमचे कशाला लादायचे?

‘टेप आणि शीट एकच’ हे अर्धसत्य आहे. जुन्या गाड्यांच्या फ्लोअरवर कंपनीतूनच डांबरी पॅड यायचे, हे खरं. पण ते आडव्या पत्र्यावर असत. छपराला आणि दरवाज्याला उभ्या-उलट्या चिकटवलेल्या डांबराचं एप्रिल-मेच्या सांगलीत काय होतं, ते गाडी उन्हात उभी केल्यावर नाकालाच आधी कळतं. मग टेप सुटतो आणि काचेच्या यंत्रणेत अडकतो. चांगल्या शीटमध्ये ब्यूटाइल रबर आणि वर जाडसर ॲल्युमिनियम असतं. पत्रा थरथरला की पत्रा आणि ॲल्युमिनियम यांच्या मध्ये रबर ताणलं जातं आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जिरते. टेपवरचा चंदेरी थर अनेकदा नखाने फाटतो. तो रबराला धरून ठेवणार कसा? काही टेप ब्यूटाइलचेही मिळतात, ते फ्लोअरला चालतील. पाकिटावर वाचून घ्या.

फोमबद्दल फार बोलायची गरज नाही. पद्मिनीचं चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट करतं, म्हणजे १०० हर्ट्झची घरघर. त्या ध्वनीलहरीची लांबी जवळपास ३.४ मीटर. १० मिमीच्या फोमला तिची दखलही नसते. सोफ्याचा फोम असेल तर तो पाणीही शोषतो आणि पेटही घेतो. कार्पेटखाली नमदा (जाड फेल्ट) बरा, तोही कोरडा राहत असेल तरच.

‘नव्यासारखी शांत’ व्हायला आधी भोकं बुजवावी लागतात. एखाद्या भिंतीचा १ टक्का भाग उघडा असेल तर ती भिंत कितीही जाड करा, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. जुन्या गाडीच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) स्टिअरिंगची, पेडलची, वायरिंगची, हीटर काढून टाकल्याची अशी भोकं असतात आणि त्यांचे रबरी ग्रोमेट (भोकात बसवलेल्या कड्या) केव्हाच तडकलेले असतात. पेठ नाक्याकडे ८० ने निघालात की वाजते ती शिट्टी पुढच्या दरवाज्यातल्या त्रिकोणी काचेच्या रबराची आणि बीडिंगची (कडेच्या रबरी पट्टीची). दबून गेलेलं इंजिन फाउंडेशन (इंजिनाखालचं रबर), प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) झिजलेला क्रॉस म्हणजे सांधा, फुटका सायलेन्सर यांना आतून टेप लावून काही फरक पडत नाही. शीटच्या आधी इथे पैसे घाला.

सगळ्यात घातक वाक्य गंजाचं. शीट गंज थांबवत नाही, झाकते. आणि पाणी शीटच्या वरच्या बाजूनेच येतं असं नाही; काचेच्या बीडिंगमधून आणि वायपरखालच्या जाळीतून ते शीटच्या मागे उतरतं आणि तिथेच कुजवत बसतं. सांगलीत तर आणखी सावध राहायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या विकायला येऊ शकतात. दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्यांत वाळलेला गाळ असतो, तो ओल धरतो. अशी गाडी घेतली असेल तर आधी सगळं उघडून गाळ धुवा, गंज पत्र्यापर्यंत घासा, कुजलेला तुकडा कापून नवा जोडा, रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर मारा, सांधे सीलरने भरा. नंतर शीट. दरवाज्याच्या तळाची निचऱ्याची भोकं मात्र कुठल्याही परिस्थितीत बुजवू नका. आणि वेल्डिंग थोडंही शिल्लक असेल तर शीटचं बंडल उघडूच नका. पत्र्याच्या एका बाजूला वेल्डिंग चालतं आणि त्याच्या उष्णतेने दुसऱ्या बाजूची शीट पेटू शकते.