घुसखोर ओळखण्याची रीत, खास पऱ्हाटीवाल्यांसाठी

भाऊ, सकाळीच पानठेल्यावर जाऊन बसा. कापूस फुटून लोंबतोय तर लोंबू द्या, बाया मिळाल्या की वेचतील. देश वाचवणं मात्र तुमच्यावाचून अडलं आहे.

सुरुवात भंगारवाल्यापासून करा. तो हिंदी बोलतो, म्हणजे संशय आलाच. (आपली हिंदी ऐकून इटारसीला चहावाला हसला होता, ते सोडा.) त्याला जन्माचा दाखला मागा. तुमची तारीख मास्तरांनी 1 जून लावली, पाठच्या भावाचीही 1 जूनच, हे तिथं काढू नका. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांची 2025 मध्ये तपासणी निघाली तेव्हा अमरावती-अकोल्याचं नाव बातम्यांत झळकलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या, घरच्या ट्रंकेत काय आहे ते न बघता.

1946 चा विदेशी नागरिक कायदा गेला आणि 1 सप्टेंबर 2025 पासून नवा आला. एक गोष्ट जुनीच राहिली : आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय त्यानंच सिद्ध करायचं. तुम्हाला हे पटतं, कारण सवय आहे. आपण शेतकरी आहोत हे तुम्ही दर हंगामात सिद्ध करता. सातबारा, आधार, पासबुक, ई-पीक पाहणी. त्याच सप्टेंबरात वर सरकारी खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी. एवढ्यानं माणूस खरा ठरला तरी कापूस ठरत नाही. ओलावा 8 टक्के हवा, फार तर 12, आणि तोही भाव कापून. मागे माझी गाडी एका केंद्रावरून परत आली. म्हटलं, ‘‘साहेब, रात्री दव पडलं जी.’’ दवाचा दाखला आणा म्हणाला नाही, एवढाच उपकार.

आता मुख्य पथ्य. परदेशी गाठींकडे बोट दाखवायचं नाही. 19 ऑगस्ट 2025 ला आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क उठलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपला कापूस घरात यायच्या नेमक्या दिवसांत. अमेरिका, ब्राझीलच्या गाठी बंदरात उतरल्या, जकातीशिवाय. गिरणीवाल्यांचंही खरं आहे म्हणा, अमेरिकेनं त्यांच्या मालावर 50 टक्के शुल्क ठोकलं होतं. पण त्यांची कळ आपल्या पोटात का उठावी, असं कोणी ठेल्यावर विचारलं, तर विषय पुन्हा भंगारवाल्यावर आणा. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 होता आणि व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होता, हा विषय बायकोनं काढला तरी तेच करा.

नक्षलवाद्यांविरुद्धच्या जनसुरक्षा विधेयकाची चिंता नको. जुलै 2025 मध्ये विधिमंडळानं ते मंजूर केलं. ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या फार सैल आहे, म्हणून विरोधक ओरडले. ओरडू द्या. ते गडचिरोलीच्या जंगलासाठी आहे, आपण यवतमाळचे. फक्त भावासाठी रस्ता अडवायला निघाल तेव्हा त्या व्याख्येवरून एकदा नजर फिरवा. चष्मा लावून.

दुपारी तो भंगारवाला तुमच्या दारात येईल. फुटका फवारणी पंप उचलेल, तुमच्यादेखत तोलेल आणि ठरलेले पैसे तिथंच हातावर ठेवेल. सातबारा मागणार नाही, अंगठा घेणार नाही, ओलावा तपासणार नाही. यावरून तरी ओळखा, हा माणूस इथला नाही.