खुर्ची तेवढी सोडून बसा

आमच्या हॉलमध्ये सध्या दोन प्रकारच्या खुर्च्या आहेत. एकीत बसलं की उठता येत नाही आणि दुसरीवर कुणाला बसू दिलं जात नाही.

लेक आर्किटेक्ट झाली आणि तिने घर ‘मॉडर्न’ करायला घेतलं. अण्णांचा लोड-तक्क्यांचा दिवाण माळ्यावर जाईना, म्हणून गावी गेला. त्याच्या जागी आली बार्सिलोना खुर्ची. अर्थात नक्कल. अस्सलची किंमत ऐकून बायको जमिनीवरच बसली होती.

मीस व्हान डर रोह आणि लिली राइश या जर्मन जोडीने १९२९ साली बार्सिलोनाच्या प्रदर्शनासाठी ही खुर्ची घडवली. उद्घाटनाला स्पेनचे राजा-राणी येणार होते. पोलादी पट्ट्यांची फुली, वर चामड्याच्या चौकोनांची गादी, आणि हात नाहीत. राजाला उठवायला हुजरे असतात, हात कशाला हवेत! आमच्याकडे हुजऱ्याचं काम माझ्याकडे आहे.

परवा शेजारचे काका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. बसले ते मागे रेलत रेलत इतके खोल गेले, की समोरून फक्त गुडघे आणि पत्रिका दिसत होती. चिवड्याची बशी त्यांनी पोटावरच ठेवली. थोड्या वेळाने ‘बरं, येतो’ म्हणाले. मग थोडे हलले आणि पुन्हा ‘येतो हं’ म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाजात काकुळती होती. मी एक हात धरला, बायकोने दुसरा. ‘सहकुटुंब यायचं बरं का,’ हे आमंत्रण त्यांनी अधांतरी असतानाच दिलं. गादीच्या बटणांच्या खळग्यांतले शेंगदाणे मी अजून काडीने उकरतोय.

दुसरी खुर्ची चंडीगडची, म्हणजे तिचीही नक्कलच. ल कॉर्ब्युझिएने चंडीगड आखलं, पण तिथल्या बऱ्याचशा फर्निचरचं काम पाहिलं ते त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याने. सागवानाची चौकट, वेताची बैठक, आणि इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखे पाय. सरकारी कचेऱ्यांतल्या बाबूंसाठी, तिथल्याच सुतारांकडून करून घेतलेली साधी खुर्ची. पुढे मोडल्या तशा त्या भंगारात ढिगाने पडल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी लिलावात किरकोळ भावाने उचलल्या आणि लंडन-पॅरिसमध्ये लाखांनी विकल्या. तेव्हापासून तिच्यावर पाठीमागून दिव्याचा उजेड सोडतात. आमच्याकडेही सोडला आहे. वर्तमानपत्र वाचायला मात्र मी गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो.

(तांब्याही लेकीने हॉलमधून हलवला होता. ‘मॅच होत नाही.’ चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी लिहिलेल्या १९५८ च्या अहवालात भारतीय डिझाइनचा नमुना म्हणून ज्याची तोंडभर स्तुती केली, तो हाच लोटा, असं मी सांगितलं. तांब्या परत आला. आता त्यातलं पाणी पिऊ देत नाहीत.)

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गावाहून आले, चष्मा सावरत चंडीगडभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वाकून पाठ तपासायला लागले.

‘नंबर कुठाय गं हिचा?’

‘कसला नंबर, आजोबा?’

‘डेड स्टॉकचा. रंगाने टाकलेला असतो ना मागे.’

लेक उडालीच. अस्सल चंडीगड खुर्चीवर खात्याचं नाव आणि नंबर असे रंगवलेले असतात आणि जाणकार आधी तेच शोधतात. ‘तुम्हाला कसं माहीत?’

‘मला? दर मार्चला रजिस्टर घेऊन हेच तर मोजत बसायचो. वेत फाटला की निर्लेखन, मग लिलाव. शिपाईसुद्धा घरी न्यायला तयार नसायचा.’

लेकीने मोबाइलवर परदेशातला लिलावाचा भाव दाखवला. अण्णांनी शून्यं बोटाने मोजली. पुन्हा मोजली. मग बराच वेळ छताकडे बघत ओठ हलवत राहिले. आपण सही करून किती काढल्या, याचा हिशेब चालला असावा. त्यांच्या खुर्च्या जानरेच्या नव्हत्या, हे सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

दुपारी झोपून उठल्यावर त्यांनी बॅगेतून पांढरा टॉवेल काढला, झटकला, खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला आणि कुणी काही म्हणायच्या आत ऐसपैस बसले. लेकीचं तोंड उघडंच. अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

‘बोला. अर्ज आणलाय का?’